वर्षभरात मराठी येईल

सर, परवा लोट्याला आमच्या कारखान्यात एक विक्रेता माझ्यासमोर बसून सांगत होता की आत्ता घेतलेल्या कंट्रोल पॅनेलला पुढच्या वर्षी निघणारं नवं कार्ड बसेल आणि ते कंपनी फुकट देईल. मी म्हटलं, "ऑर्डरवर लिहा. कोणतं कार्ड, कधीपर्यंत, आणि नाही आलं तर काय." तो हसला. "मॅडम, एवढा अविश्वास?" त्याने लिहिलं नाही आणि मी ऑर्डर दिली नाही. घरी येताना कंपनीच्या बसमध्ये तुमची आठवण आली, असं लिहिणार होते. खरं म्हणजे ती तो बोलत असतानाच आली होती. माझा आवाज उगाच चढला, तो त्यामुळेच.

तुमच्या टायपिंग क्लासात मी दहावीच्या सुट्टीत आले. डाव्या भिंतीला इंग्रजी मशिनं, उजवीकडे मराठी. इंग्रजीवर आखातात जायच्या तयारीतली मिरकरवाड्याची मुलं बसत, मराठीवर सरकारी नोकरीची आशा धरून आलेली मंडणगडापासूनची. मी दोन्हींकडे कमी आणि मशिनच्या पोटात जास्त बघायची. एकदा कळ दाबून आतला दांडा कसा उचलला जातो ते वाकून पाहत होते, तर तुम्ही मागून म्हणालात, "काय गो, मशीन चालवायला आलीस की फाडायला?" सगळा वर्ग हसला. मला अजून ते हसू ऐकू येतं. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला तेव्हा मात्र तुम्ही तुमच्या बारीक पेचकसांचा संच मला देऊन टाकलात. "फाड आता," एवढंच म्हणालात.

म्हणून तर तुम्ही मला त्या दिवशी बोलावलंत. डिप्लोमा होऊन महिना झाला असेल. एक विक्रेता सकाळच्या एस.टी.ने कोल्हापूरहून नमुन्याचं मशीन घेऊन आलेला. इलेक्ट्रॉनिक टाईपरायटर. आत दांडे नाहीत, एक चकती, तिच्या पाकळ्यांवर अक्षरं. ओळ छापण्याआधी दुरुस्त करता येते, हे पाहून तुम्ही लहान मुलासारखे हसलात. पण चकती इंग्रजी. तुमचं पोट मराठीवर होतं: परीक्षेच्या बॅचेस, कोर्टातले अर्ज, बागांचे करारनामे. विक्रेता म्हणाला, "मराठी चकतीचं काम सुरू आहे, सर. वर्षभरात मराठी येईल." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी मागचं झाकण काढलं. काना-मात्रांसाठी नुसती चकती पुरणार नव्हती, आतली चिपही बदलावी लागणार होती. ती सॉकेटमध्ये नुसती खोचलेली होती, डाग देऊन जोडलेली नव्हती. मी म्हटलं, "बदलता येईल." तेवढंच म्हटलं. ती चिप कोणीतरी आधी तयार करायला हवी, हे बोलायचं मला सुचलं नाही. नव्या डिप्लोमाचा तोरा होता. आपण नेमकं बोललो याचंच समाधान होतं.

मग तुमच्याच घरी पानं घेतली. मी काकूंना वाढायला मदत करायला आत गेले. काकू दाराशी सोलकढी वाट्यांत ओतत होत्या, मी मागे चुलीजवळ सुरमई तळत होते. तेल चरचरत होतं. बाहेरचं मला काही ऐकू येत नव्हतं. काकू वळून म्हणाल्या, "ऐकलंस काय गो? मराठी आली की स्वतः येऊन ह्याच मशिनवर बसवून देतो म्हणतोय. शब्द देतो म्हणाला. बरा वाटतो माणूस." मी ताट घेऊन बाहेर आले तेव्हा त्याने तुमचा हात आपल्या दोन्ही हातांत धरलेला होता.

तुम्ही मशीन घेतलंत आणि चारही मराठी मशिनं गुहागरच्या एका क्लासला विकलीत. विकण्याआधी मी विचारलं होतं, "सर, आधी मराठी येऊ दे ना?" तुम्ही म्हणालात, "तूच म्हणालीस ना, बसेल म्हणून?" रागाने नाही, कौतुकाने. वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. विक्रेता दुसऱ्या कंपनीत गेला. मराठी चकती काढायचा आमचा विचार नाही, असं कंपनीने तुम्हांला इंग्रजीत कळवलं. मराठीची मुलं एव्हाना दुसरीकडे जाऊ लागली होती. उजव्या भिंतीला नुसती टेबलं राहिली.

वकिलांकडे तुम्ही मला बरोबर नेलंत. त्यांनी ऑर्डरचा कागद उलटा करून तुमच्यासमोर धरला. "मास्तर, प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनाला कंपनी बांधील नाही, असं छापलंय इथे. खाली सही तुमची. जन्मभर जगाचे करार टाईप केलेत, आणि स्वतःचा तोंडी?"

"घरी जेवला तो," तुम्ही म्हणालात. "जेवलेल्या माणसाकडून कागद मागतात काय?"

"कोर्ट जेवत नाही हो, मास्तर."

पण वकील माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी नीट समजावलं. पुढे काय येईल याबद्दलची आशा बोलून दाखवली तर तिच्यावर दावा उभा राहत नाही. स्पष्ट शब्द दिला असेल, आणि पाळायचा नाही हे देतानाच ठाऊक असेल, तर ती फसवणूक. मग छापील अट आड येईलच असं नाही. कठीण आहे, म्हणाले, पण निदान नोटीस तरी जोरात देता येईल. "मात्र तो नेमकं काय बोलला, हे तुमच्याखेरीज ऐकलेलं कोणीतरी हवं." आणि माझ्याकडे वळले. "तू होतीस ना? काय ऐकलंस?"

मी सांगितलं, "मराठी चकतीचं काम सुरू आहे, वर्षभरात येईल, असं म्हणाले."

"स्वतः येऊन ह्याच मशिनवर बसवून देतो, शब्द देतो, हे?"

"ते मी ऐकलं नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मग भिंतीकडे. "हिनेच मशीन उघडून बसेल म्हणून सांगितलं," हे तुम्ही वकिलांना सांगू शकला असतात. नाही सांगितलंत. बाहेर आल्यावर उलट म्हणालात, "बरं केलंस. न ऐकलेलं सांगू नये." पुढे दोन पावसाळ्यांत तुम्ही गेलात. तुमच्या दुखण्याचा त्या मशिनशी संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय मी काही जोडत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे.

ऐकलेलं माणूस होतं, सर. मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या ठाऊक होतं. काकूंनी ऐकलं होतं. घरच्या बाईची साक्ष कितपत चालली असती, ते वकिलांनी ठरवायचं होतं. मी नावच घेतलं नाही. घेतलं असतं तर त्या दिवसाचं सगळं विचारलं गेलं असतं, आणि मशीन कोणी उघडलं, काय बघून काय सांगितलं, हेही. मला त्या वेळी लोट्याहून मुलाखतीचं बोलावणं आलेलं होतं.

हे पत्र टाकायला पत्ता एकच आहे आणि तिथे ते काकूच उघडतील. गेल्या महिन्यात गेले होते त्यांच्याकडे. चहा देताना त्या आपणहून म्हणाल्या, "त्या मेल्याने शब्द दिलान होता गो. मी ह्या कानांनी ऐकला. पण ह्यांना साक्षीला माणूस मिळाला नाही."

मी म्हटलं, "हो ना."