अंगठा थांबवणारा चेहरा

४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. अनेक आणि उत्तम हे दोन्ही शब्द आज गाळते आहे.

पत्र लिहायला कारण एकच. परवा तुझे काका सलूनमधून अर्धी दाढी ठेवून घरी आले आणि तेव्हापासून तोंडातून एक अक्षर काढत नाहीत. फोन केला असता. पण तुझ्याशी बोलताना पलीकडे आणखी किती जण कान लावून बसलेत हे आता मला कळत नाही. म्हणून कागद.

सलूनवाल्यानं त्यांना ओळखलं, बरं का. फोनवरच्या व्हिडिओतले काका तुम्हीच ना, असं विचारून त्यानं ती फिल्म त्यांच्याच पुढ्यात धरली. हातात चमचा, तोंड उघडं, शब्द सापडत नाही. बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांनी हिंमत सोडू नका म्हणून टाळ्या वाजवल्या. माणसं चांगलीच होती, त्यांच्यावर राग नाही. हे गळ्यातला टॉवेल न सोडताच उठले. कानामागचा फेस मी पुसला.

आजारानं वाचा गेली तेव्हापासून मी त्यांच्याकडून एकेक शब्द कसा वदवून घेतलाय ते तू पाहिलंयस. ज्या माणसाच्या एका हाकेवर डेपोतल्या बसगाड्या हलायच्या, तो 'पाणी' म्हणाला तेव्हा मी औषधाच्या दुकानात सगळ्यांना पेढे वाटावेत तशी सांगत सुटले होते. मी दुकानात असताना तू त्यांच्याजवळ बसायचीस. घराची किल्ली तुला मी आपण होऊन दिली. चित्रण कशाला, विचारलं तर वाचा शिकवणाऱ्या बाईंना दाखवायला, असं म्हणालीस.

शेजारणीच्या फोनवर तुझं सगळं पान पाहिलं. आजारी माणसाची सेवा करताना मन शांत कसं ठेवावं, ते तू जगाला शिकवतेस. छान. अंघोळ घालणारी मी आणि शांत तू.

एक मात्र कळत नाही. त्या आठवड्यात 'चमचा' हा शब्द ते मला रोज स्वच्छ म्हणून दाखवत होते. मग तुझ्यासमोरच तो का अडला? एवढं कळव.

तुझी,
मावशी

९ मार्च

ती. मावशीस,

सा. न. गाळलेले दोन्ही शब्द पोचले.

सलूनमध्ये झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. पण मावशी, तू समजतेस तसं ते नाही गं. माझं काम म्हणजे माझा चेहरा आणि माझं नाव; लोक रोज आले नाहीत तर मी कुणीच नाही. पहिल्या तीन सेकंदांत नजर अडकली नाही तर अंगठा पुढे सरकतो. मी उशी कशी लावावी ते सांगत होते, तेव्हा कुत्रं फिरकत नव्हतं. काकांचा चेहरा सुरुवातीला ठेवला आणि लोक थांबले. शेवटी काय होतं ते दुसऱ्या भागासाठी राखायचं, म्हणजे परत येतात. ही आमच्या धंद्याची रीतच आहे.

आणि थांबले ते हसायला नाही. एका मुलीनं लिहिलंय की तिनं कित्येक दिवसांनी वडिलांना फोन केला. हे काहीच नाही का? बाईंना दाखवणार होते हेही खरं, फक्त राहून गेलं. तू चिडलीस की पूर्वी लाटणं उगारायचीस, ते परवडलं. हे असं नीट ओळींत लिहिलेलं सोसवत नाही.

आईला सांगू नकोस. लोभ कमी करू नकोस.

तुझीच,
भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस,

तुझ्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मी काही कळवलेलं नाही. ते काम तुझं आहे.

पत्र दोनदा वाचलं. अंगठ्याबद्दल आहे, त्या मुलीच्या वडिलांबद्दल आहे, लाटण्याबद्दलही आहे. मी विचारलेल्याबद्दल काही नाही. इकडे मी चमचा धरला की हे मान फिरवतात. बाई म्हणाल्या, असेच गप्प राहिले तर कमावलेले शब्दही जातील. म्हणून पुन्हा विचारते: त्या दिवशी काय झालं?

मावशी

१८ मार्च

ती. मावशीस,

नमस्कार लिहायचाही धीर होत नाही.

काका पहिल्याच झटक्यात 'चमचा' म्हणाले. अगदी स्वच्छ. मला आनंद झाला, खोटं नाही. पण चमच्याला चमचा म्हणणाऱ्या माणसापाशी कोण थांबणार, हाही विचार त्याच वेळी आला. मी त्यांना म्हटलं, काका, एकदा अडखळून दाखवा ना, माझ्यासाठी. ते हसले. लहानपणी मला पाठीवर घेऊन घोडा व्हायचे तसेच हसले आणि त्यांनी नाटक केलं. मला ते खोटं वाटलं. पुन्हा करायला लावलं. तेही जमलं नाही.

तिसऱ्यांदा त्यांना शब्द खरंच सापडेना. ते माझ्याकडे बघत राहिले, मी सांगीन म्हणून. मी सांगितला नाही. चित्रण चालू होतं.

तोच चेहरा सुरुवातीला लावलाय.

सगळे व्हिडिओ मी काढून टाकलेत. लोकांनी आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतले असतील ते माझ्या हातात नाही. रविवारी येते. दारातून घालवलंस तरी चालेल.

भिंगरी

२४ मार्च

चि. भिंगरीस,

तू गेल्यावर घर आवरलं आणि लिहायला बसले. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे काय झालं ते तुला धड दिसलं नसेल, म्हणून लिहून ठेवते.

काकांनी तुला खुर्ची दिली. तू पाया पडलीस, माफी मागितलीस. ते तुझ्या तोंडाकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. हातात काही आहे का, एवढंच. काही नाही असं दिसल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "जा."

तुला रडू फुटलं. मी पदर तोंडाला लावला तो रडण्यासाठी नव्हे. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. इतक्या दिवसांनी शब्द आला होता, कुणी न विचारता आला होता, आणि नेमका हवा तोच आला होता.

तू बोलावल्याशिवाय येऊ नकोस. बोलावतील तर ते बोलावतील. तेवढे शब्द त्यांच्याकडे व्हायला वेळ लागेल. लोभ होता तो पुसता येत नाही. वाढवावा असं मात्र आज लिहीत नाही.

रविवारी दिलंघेतलं त्याची नोंद: तुझ्याकडून आलं ते चित्रणाचं कार्ड एक, आणि आमच्या घराची किल्ली. आमच्याकडून गेलं ते फोन उभा करायचा स्टँड, गोल दिवा, त्याची वायर आणि तुझी शाल. दोन्हीकडून पोचलं. बाकी काही राहिलेलं नाही.

मावशी