कोऱ्या खिळ्यांचं पान

बेल्स फोर्ड, ओहायो
१४ मार्च १९७८

लाडके जोअन,

तू खुशाल आहेस असं धरून लिहितोय. पाच महिन्यांत तुझं अक्षर दिसलं नाही, तेव्हा धरून चालण्यावरच भागवतो. इकडे नदीचा फुगवटा ओसरला, माझ्या गुडघ्याचा नाही. ग्रंथालयातल्या ओपलनं काल विचारलं, "पोरगी बोलली का रे, डेल्मर?" म्हटलं, पत्र टपालात अडकलं असेल. "पाच महिने? गोगलगायीच्या पाठीवरून येतंय का?" बाई तोंडाची फटकळच.

मी छापलेल्या तुझ्या कवितांच्या पुस्तकाचं म्हणशील, तर आधी माझी बाजू ऐक. चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवतोय. ओळीत भोक दिसलं की हात आपसूक बुजवतो. जत्रेची पत्रकं, चर्चची भजनं, आणि गावात कुणी गेलं की माझ्याच चार यमकी ओळी. कुणाची तक्रार नाही. आणि तुझं ते पान! एक शब्द इथं, दुसरा तिकडे कुंपणापाशी, मध्ये मोकळं रान. मी विचारलं, तर म्हणालीस, "पपा, यमक म्हणजे दाराची कडी. मला दार उघडं ठेवायचंय."

"उघड्या दारातून कुत्री शिरतात," मी म्हणालो.

हसलो दोघंही, पण मिरच्या दोघांनाही झोंबल्या होत्या.

कोलंबसच्या त्या मासिकानं माझ्या कविता परत पाठवल्या. म्हणे नेटक्या आहेत, पण गेल्या शतकातल्या. तुमची पानभर विखुरलेली चिमणीची पावलं मात्र डोक्यावर घेऊन नाचतात. वृत्त आणि यमक मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही गं. दुपारच्या सुट्टीत जेवणाच्या डब्याला पुस्तक टेकवून शिकलो. ते तुम्ही एका पिढीत मोडीत काढलंत. राग येतो, जोअन. अजूनही येतो.

त्या शनिवारी ग्रंथालयात, तुझ्या कवितावाचनाला, तू पुस्तक उघडलंस, ते पान काढलंस आणि नुसती उभी राहिलीस. अकरा ओळी, शिपायांसारख्या सरळ, मध्ये कुठं फट नाही. "ही माझी कविता नाही," एवढंच चाळीस माणसांना सांगून निघून गेलीस. ओपलनं भाजून आणलेल्या ॲपल पायला हातही लावला नाहीस. मी सगळ्यांना सांगत सुटलो, म्हाताऱ्याची खोड, हात चुकला.

हात चुकला नव्हता.

तुझ्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पपा, ह्या जागा रिकाम्या सोडा. मुद्दाम आहेत.' वाचलं होतं मी. पण टंकयंत्रावर लिहिणाऱ्या तुम्हा लोकांना एक ठाऊक नसतं. आमच्या धंद्यात जागा रिकामी सोडता येत नाही, ती घालावी लागते. शिशाचे कोरे खिळे, अक्षरांहून बुटके, शाई लागू नये म्हणून, एकेक उचलून ओळीत बसवायचे. 'आईनं श्वास घेतला' झालं, पुढे चार कोरे बसवले. मग 'घेतला', पुढे सहा. मग पुन्हा 'घेतला', पुढे नऊ. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. तू मोजले होतेस. खाटेशी बसून तिच्या दोन श्वासांमधलं अंतर मोजत होतीस.

मी तिथं नव्हतो. तू फोन केला होतास, "पपा, आत्ताच्या आत्ता या." मी म्हणालो, यंत्रावर पत्रकं चढलीयत, एवढी उतरवून येतो. पत्रकं दुसऱ्या दिवशी चालली असती. मला ते बघवलं नसतं, एवढंच खरं.

मग ती गेल्यावर मी माझ्या इर्मासाठी सोळा ओळी लिहिल्या. गाव रडलं, मीही रडलो. एकही ओळ अडखळत नव्हती. आता वाचतो तर त्यात ती मरतच नाही, नुसती फुलांतून चालत घरी जाते. आणि तुझ्या पानावर ती माझ्या बोटांखाली मरायला लागली, तेव्हा मी सगळे कोरे खिळे उपसून काढले आणि शब्द एकमेकांना चिकटवले. मुद्दाम.

वाटलेल्या प्रती मी दारोदार फिरून परत आणल्या. दोघांनी दिल्या नाहीत, त्यांना म्हणे तशीच आवडते. गेल्या आठवड्यात ते पान पुन्हा जुळवलं. अकरा ओळींना तीन दिवस लागले. त्याचा छापून काढलेला ठसा सोबत घातलाय. पट्टी लावून बघ, केसभर फरक असला तरी लाल खूण कर. ह्याला कविता मी अजूनही म्हणणार नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तेवढं मागू नकोस. पण ते खोटं नाही, आणि माझ्या सोळा ओळींबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

एका ठिकाणी अडलोय. शेवटच्या 'घेतला'नंतर तुझ्या कागदावर काहीच नाही, आणि ज्याच्या पुढे शब्द नाही ती जागा मोजायची कशी? किती कोरे घालू? नर्सला हाक मारण्याआधी तू किती वेळ थांबली होतीस, तेवढं लिही. घालीन मी.

बोलावल्यावर न आलेला, तुझाच,
पपा