टाकीला दिलेली थेट लाइन

२८ फेब्रुवारी २०१०, रवि., बीदर

आठवड्यात तिसऱ्यांदा. कोळारच्या कारखान्यात सुटीच्या दिवशी जादा पाळी, तिथं मोबाईलवर माशांच्या टाकीचा मेसेज: पंप बंद. सुटून घरी पोचेपर्यंत दीड तास. सुनंदा स्टुलावर उभी राहून तांब्यानं पाणी वर घेऊन खाली सोडायली होती. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायलेले. नारिंगी जोडीतला एक गेला. सु. रडली नाही. म्हणाली, "दंड भरून आलाय माजा. तुमचं ते यंत्र काय करायलंय मग?"

यंत्राचा दोष नाही. कंपनीच्या भंगारातून कंट्रोलर आणून मीच बांधलाय. दिवे, पंप, पंखे, आटलेल्या पाण्याची भर, सगळं वेळेवर करतो. भारनियमनात इन्व्हर्टरवर घेतो. पण लाइन परत आली की थोड्या वेळानं ईएलसीबी पडतो. म्हणजे करंट कुठं गळायला लागला की लाइन तोडणारा खटका. वर केला तर बसतो, परत पडतो. जुना झालाय.

पोरगी स्वाती पुण्याला नोकरीला गेल्यापासून सु.चा दिवस या खाऱ्या पाण्याच्या टाकीतच जातो. कोरलं हळूहळू फुलायलीत. ती मरू द्यायची नाहीत.

१ मार्च, सोम.

सकाळी ईएलसीबी काढला. दोन्ही वायरी सरळ जोडल्या. नवीन आणीन हैदराबादहून, सवडीनं.

सु. : काय काढलाव?
मी : एक खटका. काही कामाचा नाही.

दिवसभर मेसेज एकच, सगळं ठीक.

४ मार्च, गुरु.

गुलबर्ग्याहून पाटील सरांचा फोन. निवृत्त प्राध्यापक, गेल्या वर्षी त्यांच्या टाकीलाही असाच कंट्रोलर बांधून दिला. त्यांच्याकडंही खटका पडायलाय. म्हटलं, घरी आलेल्या लाइनमनला फोन द्या. त्याला सांगितलं कुठल्या दोन वायरी जोडायच्या. पाच मिनिटांत काम. सर फार खूष.

६ मार्च, शनि.

सु. टाकीची काच घासताना म्हणाली, "आवं, हाताला मुंग्या आल्यासारकं व्हायलंय." तिचं बोट भाजी चिरताना कापलेलं. म्हटलं मीठ झोंबायलंय. ती म्हणाली, "मीठ झोंबलेलं मला कळत न्हाई व्हय?" मी पेपर वाचत होतो.

९ मार्च, मंगळ.

सु. आयसीयूत आहे.
जिवंत आहे.
लिहवत नाही

१० मार्च, बुध.

शेजारच्या महादेवी अक्कांनी सांगितलं ते असं. दहाच्या सुमारास स्टूल पडल्याचा आवाज आला. हाक मारली, ओ नाही. मागच्या दारानं आत आल्या तर सु. फरशीवर, कलंडलेली, एक हात वर टाकीच्या काठाला चिकटल्यासारखा. फरशी नुकती पुसलेली, सु. अनवाणी. अक्का तिला शिवल्या नाहीत. केरसुणीच्या मुठीनं आधी मेन पाडला, मग टाकी इन्व्हर्टरवर चालूच दिसली म्हणून तिच्या पेटीचं बटणही. म्हणाल्या, "आमच्या रानात मोटारीवर एक गेल्याला बघितलेय मी. म्हणून सुचलं."

मला कंपनीत तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या मोबाईलवर दहा वाजता मेसेज आला होता: सगळं ठीक. मी तो वाचून चहा घेतला.

हाताचा पंजा भाजलाय. डोक्याला मागं चार टाके. हृदयाचे ठोके चुकायलेत, दोन दिवस नजरेखाली ठेवणार. डॉक्टरांनी विचारलं करंट कसा काय लागला. मी म्हणालो ओली फरशी होती.

ओली फरशी होती, हे खरं आहे.

११ मार्च, गुरु.

घरी येऊन मोठा पंप उघडला. वायर पंपात शिरते तिथं रबर फाटलेलं, खाऱ्या पाण्यानं आतलं तांबं हिरवं झालेलं. करंट पाण्यात उतरायलाच होता. कधीपासून, सांगता येत नाही. खटका जुना नव्हता झाला. तो बरोबर पडायला होता, दर वेळी.

वीस वर्षं विजेचे पॅनल बांधतोय. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो, खटका पडला तर आधी गळती शोधा. बायकोनं मुंग्या म्हटल्यावर

पाटील सर आठवले. मोबाईल हातात घेतला. खाली ठेवला.

१२ मार्च, शुक्र.

सु.ला साध्या खोलीत आणलं. बोलली. पहिलं वाक्य : "माजीच चूक झाली वो. फरशी वाळू द्यायची हुती." मी तिच्या डाव्या हातावर हात ठेवून बसलो.  ती पुढं म्हणाली, "तुमाला केवडा घोर लावले मी."

तेव्हा तरी बोलायचं होतं.

१३ मार्च, शनि.

पाटील सरांना तीनदा फोन. उचलला नाही. उद्या पहिल्या बसनं जातो.

१४ मार्च, रवि.

गुलबर्गा. दारातून आत गेलो तेव्हा पाटीलबाई टाकीत कोपरापर्यंत हात घालून कोरल सरळ करत होत्या. मी ओरडलो. केवढ्यानं, ते मलाच कळलं नाही. त्या दचकून मागं झाल्या. मीटर पाण्यात धरला. साठ व्होल्ट.

बाई म्हणाल्या, "थोडं झिणझिणतं खरं. मला वाटायचं समुद्राच्या पाण्याचा गुणच तसा." पायात रबरी चप्पल होती, म्हणून वाचल्या.

लाइन तोडली. मग सरांना सगळं सांगितलं, सु.चं पण. सर खुर्चीत बसले. बाईंच्या पायातल्या चपलेकडं बघत राहिले. मग विचारलं, "तुमच्या घरी हे कधी झालं?"

"मंगळवारी."

"आज रविवार आहे."

 गुरुवारी मोबाईल हातात घेऊन ठेवला होता, ते त्यांना कसं सांगणार? बाईंनी पाणी आणलं. सर म्हणाले, "त्यांना पाणी देऊ नकोस. जाऊ दे त्यांना."

निघताना टाकीच्या तळाशी एक निळा मासा खडकाला चिकटून होता. तेवढंच लक्षात राहिलंय, कामून ते माहीत नाही.

१६ मार्च, मंगळ., पाडवा

सु. काल घरी आली. तिचा भाऊ, शरणप्पा, आळंदहून कडुलिंबाचा पाला नि गूळ घेऊन आला. तो अंघोळीला गेला तेव्हा सांगितलं. उभ्यानंच. खटका काढला ते, पंपाचं रबर, गुलबर्गा, सगळं.

तिनं ऐकून घेतलं. शेवटी : "म्हंजे मुंग्या खऱ्या हुत्या."

व्हय म्हणालो.

"आन् दवाखान्यात मी माजीच चूक म्हनायले, तवा तुमी ऐकत बसलाव."

मी काय बोललो आठवत नाही. काहीतरी बोललो असेन. ती उठली. डाव्या हातानंच पिशवी भरायला लागली. शरणप्पा बाहेर आला, आमच्या दोघांकडं बघून सदरा घालायला लागला. मी पिशवीची चेन लावायला पुढं झालो, तर म्हणाली, "राहू द्या. मला येतंय."

दुपारच्या गाडीनं दोघं गेले. पोळ्या झाकलेल्या तशाच.

१८ मार्च, गुरु.

नवीन पंप, नवीन ईएलसीबी बसवला. मुद्दाम गळती देऊन बघितला. पडतो. टाकीतली अर्धी कोरलं आक्रसून बसलीत. मासे आहेत.

कंपनीत मॅनेजरांना झालेलं सांगितलं. सुरक्षेचं शिकवणं माझ्याकडून काढून घ्या म्हटलं. त्यांनी शिकवण्याची फाइल मागितली.

२० मार्च, शनि.

आळंदहून फोन. सु. स्वतः बोलली. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर. उद्या स्वाती पुण्याहून यायलीय, आधी बीदरला, मग मला घेऊन आळंदला. तिला आम्ही दोघांनीही फोनवर एवढंच सांगितलंय, आई घसरून पडली.

सु. : तिला मी बाकी काय बी सांगिटलं न्हाई.
मी : मी सांगतो.
सु. : काय सांगताव ते मला आदी सांगू नका. तिलाच सांगा.

विचारलं, तू येशील का घरी? म्हणाली, "स्वाती आल्यावर बघू," आणि ठेवला.

२१ मार्च, रवि.

दहा वाजले. चहा ठेवलाय. स्वातीच्या बसला उशीर असेल. काय बोलायचं ते काल कागदावर लिहिलं होतं, फाडून टाकलं. त्यात पहिल्याच ओळीत फरशी आली होती.

रिक्षा थांबली.