झाकण होतं, दादा

प्रिय दादा,

तुझं पाकीट पोचलं. तब्येत बरी आहे म्हणतोस, छान. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

तो जळका ओंडका आठवतो तुला? तू तरातरा पुढे गेलास, मी राखेत बसले. नखाएवढे नारिंगी पेले उगवले होते. मी फुंकर मारली, तसा बीजाणूंचा धूर उठला आणि तू पोरासारखा ओरडलास, "पुन्हा मार, पुन्हा!" तेव्हाचा तू मला अजून आवडतोस, हीच पंचाईत आहे.

पेलाबुरशी हाती आली की पहिला प्रश्न एकच, तूच शिकवलेला: बीजाणूंची नळी फुटते कशी? टोकाचं झाकण उघडतं, की नुसतं भोक पडतं? झाकणवाल्यांचं घराणं वेगळं, भोकवाल्यांचं वेगळं. मी तीन दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काप पाहिले आणि तुझ्या लेखाच्या चित्रात झाकण रेखाटलं, बिजागरीसकट. तू म्हणालास, "डोळे दमलेत तुझे. खोड ते." तुला नवी प्रजाती जाहीर करायची होती आणि ती नवी ठरायला भोकच हवं होतं. मी खोडरबर उचललं. तेवढं पाप माझं, ते मी कुणावर ढकलत नाही.

मग आई अंथरुणाला खिळली. "तिला तूच लागतेस," म्हणालास. मी प्रयोगशाळा सोडली; तू विभागप्रमुख झालास. तुझ्या लेखात माझं नाव शोधलं, तर तळाशी बारीक अक्षरात सापडलं: "चित्रसाहाय्य: घरचे." नऊ वर्षं आईची कूस बदलताना ते दोन शब्द मी चघळत राहिले.

आता संग्रहालयाच्या नव्या संग्रहपाल बाईंनी तो वाळका नमुना तपासला. जनुकं झाकणवाल्यांशी जुळली. पाण्यात भिजवलेल्या कापात झाकणही दिसलं म्हणे. तुझी प्रजाती मोडीत निघाली.

आणि म्हणून तुझं पाकीट. त्यातला टाइप केलेला कागद वाचला: "निरीक्षणातील चूक चित्रकर्तीची." खाली माझ्या सहीसाठी फुली. तीस वर्षांत पहिल्यांदाच तू माझं पूर्ण नाव लिहिलंस, तेही शुद्धलेखनासकट. सही करणार नाही, दादा. काल बाईंना भेटून सगळं सांगितलं, मी खोडलं तेही. त्यांनी लिहून घेतलं. छापून येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. वहिनीला सांग, राग तुझ्यावर आहे, तिच्यावर नाही.

तुझीच, दुर्दैवानं,
धाकटी