कंदीलपुष्पाची जात

१२ ऑगस्ट

आल्या आल्या वही उघडली. अक्षर वेडंवाकडं येतंय — येऊ दे!

भैरवगढच्या पुढे, नदीच्या वरच्या अंगाला जी मुरमाड टेकरी आहे, तिथे आज कंदीलपुष्प सापडलं. बोरीच्या झुडपात गुरफटलेली बारीक वेल. तिच्यावर हिरवट-पांढरे उभे कंदील, वर जांभळी टोपी. एकाच्या आत माशी अडकलेली, बाहेर यायची खटपट करत होती बिचारी.

पण ही नेहमीची नाही. नेहमीच्या कंदीलपुष्पाची, म्हणजे खरपुडीची, पानं गोल, जाड. हिची गवतासारखी अरुंद. आणि पाकळ्यांच्या कडेला जांभळे केस! तसे मी कधी पाहिलेले नाहीत. म्हणजे जात निराळी. कदाचित कुणी अजून नावसुद्धा न दिलेली.

आणि हीच टेकरी कापणार आहेत. कुंभमेळ्यासाठी नवा रस्ता. त्या रस्त्यात काय काय उगवतं ते लिहून द्यायला कंपनीने मला कंत्राटावर ठेवलंय. आत्तापर्यंत लिहिलं ते सगळं कुठेही उगवणारं — टाकळा, गोखरू, आघाडा. त्याने रस्ता इंचभर हलला नसता. हिने हलेल.

हलायलाच हवा. बाबा गेले त्या पावसाळ्यात मी कुणाशी बोलत नव्हते. माझे वनस्पतिशास्त्राचे सर, भय्यासाहेब, मला याच टेकरीवर घेऊन यायचे. सांत्वन वगैरे काही नाही. एक फूल उचलायचे, उलगडायचे, म्हणायचे, "सांग, कोण?" मी फक्त झाडांची नावं बोलायचे. त्यातूनच परत बोलायला लागले.

१४ ऑगस्ट

सुमीतला दाखवलं. रस्त्याचं सगळं काम तोच बघतो. मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "मॅडम, बेल ही तो है. हट जाएगी."

मी म्हटलं, नुसती वेल नाही, नवीन जात असेल तर?

मग बघितलं वर. "तो किसी बड़े आदमी से लिखवाइए. ऊपर भेज दूँगा."

बड़ा आदमी! अख्ख्या माळव्यात एकच आहे — माझे भय्यासाहेब.

१८ ऑगस्ट

श्रावणी सोमवारची देवाची सवारी, पालखीमुळे रस्ते बंद. फ्रीगंजला भय्यासाहेबांच्या घरी चालतच गेले. भय्यासाहेबांनी भिंगाखाली फूल धरलं आणि चिमट्याने एकेक पाकळी उलटून बघितली. मला वाटलं होतं उडी मारतील.

"वेली किती होत्या?"

"एका झुडपात. तीन-चार."

"दुसरीकडे पाहिलंस?"

"टेकरीभर फिरले. नाही कुठे. नवीन आहे ना, भय्यासाहेब?"

"ठेवून जा. बघतो."

त्यांच्या पत्नी अक्कांनी उपासाची खिचडी वाढली. मी भराभर बडबडत होते, ते ताटाकडे बघत होते. वय झालंय. थकले असतील.

२८ ऑगस्ट

सुमीतने त्यांचं उत्तर वाचून दाखवलं. सरळ कंपनीलाच पाठवलंय. मला फोनसुद्धा नाही!

'हे नेहमीच्याच जातीचं एक रूप दिसतं. निराळी जात म्हणण्याइतका आधार नाही.'

"तो मॅडम, हो गया," सुमीत म्हणाला. वाईट माणूस नाही तो. चहा मागवला माझ्यासाठी. मी घेतला नाही.

२९ ऑगस्ट

गेले होते. जायला नको होतं. की हवंच होतं?

दारातच विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?"

अक्का कपबशी घेऊन येत होत्या. तिथेच थांबल्या. भय्यासाहेबांनी चष्मा काढला. "बस आधी."

"नाही बसत. कोण आलं होतं तुमच्याकडे?"

"कोणी नाही. एका झुडपातलं एवढंसं बघून तू नवी जात करतेस? असं शिकवलं मी तुला?"

"टेकरी जाईल!"

"जाईल," ते म्हणाले. अगदी हळू. "मलाही वाटतं ती राहावी. म्हणून जात बदलत नाही, केतकी."

मग मी ते म्हटलं. लिहवत नाहीये. म्हटलं, "तुम्ही विकले गेलात." हो, असंच. ज्या माणसाने मला बोलतं केलं त्याला.

अक्का फाटकापर्यंत आल्या मागे. "असं बोलून जाऊ नकोस गं…"

गेले.

३ सप्टेंबर

काही नाही.

८ सप्टेंबर

कंपनीने यादी पक्की केली. 'सामान्य झुडपे व गवत.' मी सही केली नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाले.

आई म्हणते, "इंदूरला कॉलेजात बघ ना काही. पानंफुलं पुरे झाली आता, बेटा." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१५ सप्टेंबर

वेलीचे फोटो बाहेरगावच्या ज्या ज्या अभ्यासकांना पाठवले होते त्यांच्यापैकी एकाचंच उत्तर आलं. फोटोवरून सांगता येत नाही, ताजं फूल पाठवा. दोन दिवस झड लागली होती. आज गेले तर एकही फूल नाही. नुसती वेल, ओली, निथळत होती. जणू माझ्याशी बोलायचंच नव्हतं तिला.

२२ सप्टेंबर

आज मशीनं आली.

सकाळीच गेले होते. कशाला, माहीत नाही. जेसीबीने पहिला घास घेतला तो बोरीपासून जरा अलीकडे. दुसऱ्यात बोरच गेली. मुरमात एक कंद दिसला. अर्धा कापलेला, आतून पांढराशुभ्र, बटाट्यासारखा. मी धावले. गार्डने दंडाला धरलं. "मॅडम, पीछे! मरना है क्या?" तोवर वरून मुरूम पडला.

दुपारपर्यंत टेकरी सपाट. एवढं सोपं असतं? जिथे बसून मी फुलं उलगडायला शिकले ती जागा आता नुसती हवा आहे. बोट दाखवून सांगता येत नाही, इथे.

रडू आलं नाही. एक जात जगातून गेली आणि तिला नावसुद्धा नव्हतं. मीच ठेवलं नव्हतं अजून. घाई कशाला, म्हटलं होतं.

२६ सप्टेंबर

अक्कांचा फोन. उचलला नाही. मग आईच्या फोनवर केला त्यांनी. आई दारात उभी राहून सांगत होती — भय्यासाहेब ऑटो करून टेकरीवर जाऊन आले, एकटेच. आल्यापासून धड जेवत नाहीत, बोलत नाहीत.

"जाऊन ये ना एक चक्कर."

म्हटलं, आता कशाला गेले होते? बघायला, नीट कापली का?

आई दार लोटून गेली.

३० सप्टेंबर

रस्त्याने जाताना खाली बघत नाही हल्ली. कडेला काही फुललेलं दिसलं की मनात आपोआप नाव येतं, आणि नाव आलं की त्यांचा आवाज येतो — सांग, कोण? मला कुणाचंच नाव नकोय. सगळं नुसतं हिरवं असू दे. लोकांना असतं तसं.

जेवण जात नाही. आई इंदूरच्या कॉलेजचा अर्ज भर म्हणते. भरीन. काय फरक पडतो?

२ ऑक्टोबर

दसरा. आईच्या हट्टापायी उद्या देवासला मामाकडे जायचंय. जाईन. इथे तरी काय आहे?

३ ऑक्टोबर

बस देवासच्या अलीकडे बंद पडली. बाहेर माळ. मी पाय मोकळे करायला उतरले, बस्स.

दगडादगडांतून तीच वेल! एक नाही, दहा नाही — माळभर! खाली गोल पानं, वर अरुंद, एकाच वेलीवर. एका फुलाला केस, शेजारच्याला नाही. एका रूपापासून दुसऱ्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एकाच ठिकाणी. जात एकच. नेहमीची.

ते बरोबर होते.

आईला दुसऱ्या बसमध्ये बसवलं आणि उलटी गाडी पकडून फ्रीगंजला गेले. दार त्यांनीच उघडलं. केवढे वाळलेत! माफी मागायच्या आधी तोडून आणलेली वेल पुढे केली. त्यांनी भिंग न घेता नुसती बोटांनीच पानं चाचपली, खालची, मग वरची.

"कुठे?"

"देवासच्या रस्त्याला. माळभर आहे."

"माळभर?"

ते पायरीवर मटकन बसले. माझा हात धरला, तो सोडेनात.

"माझी खात्री नव्हती गं," म्हणाले. "जे दिसलं तेवढंच लिहिलं. आणि मग रोज वाटायचं, पोरगी बरोबर असली तर… तर मीच मारली ती जात."