मावशीसाठी सारखा केलेला आवाज

आई, तू भरलेल्या अकरा कॅसेट मावशीने वर्ध्याहून परत पाठवल्या आहेत. तिचा टेप केव्हाच बंद पडला, आणि आता तिला ऐकूही कमी येतं. तुझा आवाज मोबाईलवर घालून दे आणि नीट मोठा कर, एवढंच तिचं मागणं. फोनवर बजावलं, "लवकर दे व माय, मी गेल्यावर काय कामाचं?" हे काम मी कुणावर सोपवलं नाही. तात्यापाऱ्यातल्या एका दुकानातून जुना टेप दुरुस्त करून आणला, वायरने कॉम्प्युटरला जोडला, आणि रोज दुपारी एक बाजू असं ठरवून बसले.

या कॅसेट का भरल्या गेल्या ते आपल्या दोघींनाच माहीत. तुला लिहिता येत नव्हतं, बहिणीला पत्रं मी लिहायचे. तू स्वयंपाकघरात पाटावर बसून तासभर सांगायचीस. शेजारचं भांडण, लोणच्याला आलेली बुरशी, बाबांनी ड्यूटीवरून येताना आणलेली सीताफळं. मी लिहायचे आठ ओळी. वाचून दाखवलं की तू विचारायचीस, "एवढंच?" मी म्हणायचे, "कामाचं तेवढंच." बी.ए. होऊन सरकारी कचेरीत लागले होते. आटोपशीर मसुदा मला जमत होता. मग एक दिवस तू बाबांना टेप आणायला सांगितलास. मला काही बोलली नाहीस. बाबांच्या ओळखीचा रेल्वेतला गार्ड कॅसेट वर्ध्याला पोचवू लागला आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

कॉम्प्युटरवर आवाज रेघेसारखा दिसतो, मोठ्याने बोललं की जाड, हळू बोललं की बारीक. तुझी रेघ छान जाड चालते आणि मध्येच दोऱ्यासारखी होते, ती कॅसेट संपेपर्यंत. मला वाटलं, तू भाजी चिरायला तोंड फिरवलं असशील. मी तो भाग वर उचलून बाकीच्या बरोबरीला आणला. तशी मागची खरखर वाढली आणि तिच्याबरोबर फाटकाची कडी वाजली, माझ्या चपला वाजल्या. मग टेपच्या अगदी जवळ तोंड नेऊन तू म्हणतेस, "थांब व बाई, पोट्टी आली ऑफिसातून. आता हळू बोलतो. दमून येते ते, माह्या बोलण्यानं तिचं डोकं उठते." आणि दारातून मी: "अजून चालूच आहे तुझं? कोणाला ऐकायचंय हे सगळं?"

मी अकराही कॅसेट तपासल्या. जिथे तुझा आवाज उतरतो, तिथे मी घरात आलेली असते. एक अख्खी बाजू रविवारची आहे. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कुजबुज आहे.

मी काय केलं तेही सांगते. तुझा आवाज सगळीकडे सारखा केला, रविवारचासुद्धा. माझी वाक्यं कापली, तुझं "हळू बोलतो"ही कापलं. आता ऐकणाऱ्याला वाटेल, तू आपल्या घरात दिवसभर मोकळ्या गळ्याने बोलायचीस.

परवा मावशीचा फोन आला. "हव, सारं साफ आहे. पण साहेबीण कुठं गेली?"

"कोण साहेबीण?"

"तूच व! दारात येऊन ओरडत नव्हती काय, अजून चालूच आहे तुझं म्हणून? आम्ही घरचे सारे तेवढंच मागं घेऊन घेऊन ऐकत होतो, पोट धरून हासत होतो. तुह्या आईनंच तुले नाव ठेवलं होतं. सांगितलं नाही काय तिनं?"

"नाही."

"मंग ते काहून काढलं? त्याच्यातच तर मजा होती."

मी म्हटलं, "कॅसेट तिथे खराब झाली होती." ती म्हणाली, "असन बाप्पा," आणि फोन ठेवला.

मी कचेरीत तीस वर्षं लोकांना खोट्या सबबींवरून झापलं. हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, मावशीला तर नाहीच. कॅसेट खराब नाही, आई. आज पुन्हा लावून पाहिली. माझा आवाज तिच्यात स्वच्छ येतो.