वांग्याच्या मुळाशी हुमणी

बाबा, आज परसात वांग्याची रोपं लावायला माती उकरली आणि तुमचा राग पुन्हा वर आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो जात नाही.

मोर्शीच्या आपल्या मळ्यात उभी वांगी एकाएकी माना टाकू लागली होती. पाणी भरपूर, पानांवर कीड नाही. आईनं एक झाड उपटलं, तर मुळं कुरतडलेली आणि मातीत पांढरी, वाकडी हुमणी. ती अळी तळहातावर घेऊन आई तुमच्याकडे आली.

"कच्चं शेण टाकू नका म्हटलं होतं. त्यातच हे किडे होतात. माया माहेरी खत कुजवून टाकतात, संगं निंबोळीची ढेप."

तुम्ही तिच्या हातावर फटका मारलात. "मले शिकवून राहिली काय? तुया विटाळानं जळाली वांगी. आजपासून मळ्यात पाय ठेवाचा नाई."

लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या वाफ्यांना पाणी दिलं होतं. पुढच्या साली ती मळ्यात नव्हती, तरी वांगी मेली. तेव्हा तुम्ही म्हणालात, तिची नजर लागली. तिसऱ्या साली मात्र गुपचूप खत कुजवलंत. उन्हाळ्यात जमीन खोल नांगरलीत, नांगरामागे बगळे आणि कावळे अळ्या वेचत फिरले. लावणीआधी निंबोळीच्या पेंडीची ढेप कुटून मातीत मिसळलीत. वांगी अशी आली की आसपासचे माळी पाहायला आले. ओसरीवर बसून तुम्ही त्यांना सांगितलंत, "हे म्या शोधून काढलं." आत चुलीपाशी आई त्यांच्यासाठी चहा करत होती. तिनं ऐकलं आणि चहा कपांत गाळला. तिला परत बोलवायला एक शब्द पुरला असता. तो तुम्ही शेवटपर्यंत काढला नाहीत. मळा घरापासून हाकेच्या अंतरावर होता, आणि ती तो पुन्हा न पाहता मेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. त्या दिवशी आई अळी घेऊन येण्याआधी तुम्ही मला विहिरीपाशी गाठलं होतंत. "तुई माय त्या चार दिवसांत मळ्यात गेली होती काय?" तुमच्या आवाजाला भिऊन मी हो म्हटलं.

ती गेली नव्हती.